दुखतं छातीत, अडलंय पाठीत

गळ्याच्या खाली, दोन कॉलरबोनच्या मधोमध, एक खळगा लागतो. त्यात बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून हळूहळू खाली या. साधारण 5 सेंटिमीटर खाली आलात की हाडावर एक आडवा उंचवटा लागेल, छोट्याशा उंबरठ्यासारखा. तिथून बोट बाजूला सरकवलं की जी बरगडी लागते ती दुसरी. तिच्याखाली तिसरी, मग चौथी, पाचवी. या बरगड्या मधल्या हाडाला जिथे येऊन मिळतात, त्या कडेने जोर देऊन दाबलं तर थोडंफार कुणालाही दुखतं. काहींना मात्र नुसतं बोट टेकवलं तरी कळ जाते आणि लगेच तोंडातून निघतं, "हेच, हेच ते!"

असं म्हणणारी माणसं फिजिओथेरपिस्टकडे पोहोचतात तेव्हा सहसा बरंच काही करून झालेलं असतं. पहिल्यांदा कळ आली तेव्हा हार्ट अटॅकच आला असं वाटून रात्रीबेरात्री हॉस्पिटल गाठलेलं असतं. ईसीजी नॉर्मल, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल, एक्स-रे स्वच्छ. "काही नाही, मसल पेन आहे" असं ऐकून घरी आल्यावर चार दिवस बरे जातात. मग कूस बदलताना पुन्हा चमक निघते आणि पुन्हा तीच धडधड. असे सहा महिने, कधी वर्ष निघून जातं. "काही नाही" हे उत्तर धीर देण्यापुरतं ठीक आहे, पण खरं नाही. दुखणं आहे, आणि ते छातीच्या पिंजऱ्याच्या सांध्यांत आहे. ईसीजी हृदयाचा असतो, सांध्यांचा नाही. मग त्यात ते दिसणार कसं?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मात्र वाचून घ्याच. "दाबल्यावर दुखतं, म्हणजे हृदयाचं नाही" असा एक सोयीस्कर समज आहे. तो बऱ्याचदा खरा ठरतो, पण त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. एकाच माणसाला बरगडीचाही त्रास असू शकतो आणि हृदयाचाही. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणं, दरदरून घाम, धाप, चक्कर, जिना चढताना दुखणं आणि थांबल्यावर राहणं, असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जा. अचानक दम लागणं, खोकल्यातून रक्त पडणं किंवा एका पायाला सूज येऊन छातीत दुखणं हेही थांबण्यासारखं नाही. ताप, बरगडीवर लाल आणि गरम सूज, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठलेले फोड (ही बहुधा नागीण असते): यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, नंतर फिजिओ. वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांपैकी काही मागे लागलेलं असेल, तर ईसीजी झाल्याशिवाय "बरगडीचंच आहे" असं स्वतःचं स्वतः ठरवू नका.

हृदय, फुप्फुसं तपासून झाली आणि तिथे काही सापडलं नाही, असं धरून पुढे जाऊ.

पिंजऱ्याची बिजागरी

बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून असतात, आणि शेवटच्या दोन जोड्या पुढून मोकळ्याच. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, रबरासारखी लवचीक पट्टी. कानाची पाळी सोडून वरचा कडक भाग चिमटीत धरून वाकवून बघा, कूर्चा या नात्याने ती हिची चुलत बहीणच.

हे सगळं झालं पुढून. आपण पुढूनच बघतो, कारण दुखतं पुढे. पण प्रत्येक बरगडी मागे मणक्याला जोडलेली असते, आणि पहिल्या दहा जोड्या तर दोन-दोन ठिकाणी: एकदा मणक्याच्या मुख्य भागाशी आणि एकदा त्याच्या बाजूला निघालेल्या आडव्या टोकाशी. हिशेब केलात तर बरगड्यांचे मागचे सांधे भरतात 44. मधल्या हाडाला लागणारे पुढचे सांधे अवघे 14.

श्वास घेताना हे सगळे हलतात. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढून वर उचलल्या जातात, खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने वर येतात. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाला 21,600 वेळा. गुडघा दुखला तर माणूस चार दिवस पाय लांब करून बसतो. बरगडीच्या सांध्याला सुट्टी नसते, झोपेतही नाही. हे दुखणं रेंगाळतं त्याचं एक साधं कारण हे आहे. दुसरं कारण कूर्चेत आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली दुरुस्ती मुळातच संथ चालते.

आता एक दार डोळ्यांपुढे आणा. दोन बिजागऱ्या आहेत, त्यातली एक गंजून घट्ट झाली आहे. दार तर रोज उघडायचंच आहे. मग सगळा पीळ दुसऱ्या बिजागरीवर जातो, आणि काही दिवसांनी कुरकुरायला लागते ती ही दुसरी, म्हणजे मुळात चांगली असलेली. तासन् तास पुढे वाकून बसल्याने पाठीचा मधला भाग आणि तिथले मागचे सांधे आखडतात, बरगडी मागून नीट फिरत नाही, आणि प्रत्येक श्वासाचा, प्रत्येक हात उचलण्याचा ताण पुढच्या सांध्यावर येतो. आपण मात्र मलम चोळतो ते पुढे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे मला एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. मागचं आखडणं आणि पुढचं दुखणं यांचा हा संबंध म्हणजे रुग्णांना तपासता तपासता फिजिओंनी जुळवलेला तर्क आहे. तो शरीररचनेशी जुळतो आणि उपचारात उपयोगी पडतो, पण मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेला नियम नव्हे. प्रत्येकाची पाठ आखडलेली नसते. म्हणूनच तपासणी लागते.

नावात काय आहे

रिपोर्टवर किंवा चिठ्ठीवर बहुधा "कॉस्टोकॉन्ड्रायटिस" लिहिलेलं असतं. वैद्यकीय नावांच्या शेवटी "आयटिस" आलं की त्याचा अर्थ दाह. गंमत अशी की या दुखण्यात दाहाची नेहमीची लक्षणं, म्हणजे सूज, लाली, गरमपणा, दिसतच नाहीत. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या आसपास, एकाहून जास्त ठिकाणी, दाबल्यावर दुखतं, एवढंच. त्यामुळे नाव वाचून "आत काहीतरी सुजलंय, हललं तर आणखी सुजेल" अशी जी भीती बसते तिला तसा आधार नाही. या एका नावाने किती लोकांचे हातपाय बांधून टाकले असतील कोण जाणे.

खरोखर सूज दिसत असेल, बरगडी आणि मधलं हाड यांच्या सांध्यावर टेंगूळ हाताला लागत असेल, तर तो प्रकार वेगळा. अलेक्झांडर टिट्झे या जर्मन सर्जनने 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला टिट्झे सिंड्रोम म्हणतात. तो तुलनेने तरुणांत, बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीच्या एकाच सांध्यात होतो. अशा सुजेचं निदान डॉक्टरांनीच करायला हवं, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग किंवा गाठही तशीच दिसू शकते.

तिसरा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. आठवी, नववी किंवा दहावी बरगडी पुढे सैल पडते आणि वाकताना, वळताना वरच्या बरगडीखाली सरकते. "कट्" असा आवाज येतो आणि पोटाच्या वरच्या बाजूला कळ येते. लोक पोटाच्या तपासण्या करत फिरतात. तपासणारा बरगडीच्या खालच्या कडेखाली बोटं आकड्यासारखी अडकवून हलकेच पुढे ओढतो, आणि तोच कट्, तीच कळ आली की चोर सापडतो. यात सांधा आखडलेला नसून सैल असतो, म्हणून त्याला आणखी मोकळं करण्यापेक्षा स्नायूंनी आवळून धरायला शिकवावं लागतं. खालचे बहुतेक उपचार पहिल्या प्रकारासाठी आहेत, हे लक्षात असू द्या.

दुखणं जुनं होतं तेव्हा

तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला जुनाट म्हणायची पद्धत आहे. सुरुवात कशानेही झालेली असते: महिनाभर टिकलेला खोकला, सवय नसताना उचललेलं कपाट, जिममध्ये एकदम वाढवलेलं वजन, छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया. कधी काहीच आठवत नाही. पण सहा महिन्यांनंतर ते पहिलं कारण बहुतेक वेळा मागे पडलेलं असतं आणि दुखणं स्वतःच्या जोरावर चालू असतं.

ते असं. दुखतं म्हणून माणूस श्वास वरवरचा घेतो. वरवरच्या श्वासाला मानेचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू राबतात, खालच्या बरगड्या जागच्या जागी राहतात. खांदे पुढे येतात, छाती आत जाते, जणू माणूस स्वतःला कवटाळून बसलाय. छातीचा छोटा स्नायू तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बरगडीवरूनच निघतो. तो आखूड होऊन नेमक्या दुखऱ्या जागेजवळ ओढ देत राहतो. पाठ आणखी आखडते. त्यात "हृदयाचंच असलं तर?" ही शंका. भीतीने श्वास आणखी जलद, आणखी वरवर. इतके दिवस सतत येणाऱ्या संदेशांनी मज्जासंस्थाही हळवी होते. पूर्वी ज्या स्पर्शाची दखलही घेतली नसती त्याला आता ती "दुखलं" म्हणते. दुखणं खोटं नसतं, मनाचे खेळही नसतात. घराचा अलार्म मांजर गेलं तरी वाजावा, तसं झालेलं असतं.

आणि एक खोड, जी जवळजवळ सगळ्यांना लागते: दिवसातून वीस वेळा बोटाने दाबून "अजून दुखतंय का" हे बघणं. दुखणारच! चांगल्या जागेवर दिवसातून वीस वेळा अंगठा रुतवलात तर तीही दुखेल. काहींना बोटं मोडतात तशी छाती मागे ताणून "टक्" करायची सवय लागते. दोन मिनिटं मोकळं वाटतं, म्हणून दर तासाला. उपचारातली माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड पायरी म्हणजे या दोन सवयी सोडणं.

पहिल्या दिवशी काय तपासतात

चांगला फिजिओ लगेच दुखऱ्या जागेवर तुटून पडत नाही. आधी बराच वेळ प्रश्न विचारतो: कशाने वाढतं, कशाने उतरतं, सकाळी उठल्यावर कसं असतं. या शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे. वय तरुण, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त पाठ आखडलेली, हालचाल केली की मोकळी, विश्रांतीने उलट वाईट, रात्री उत्तररात्री दुखून जाग, असं चित्र असेल तर मणक्याच्या संधिवाताची शंका येते आणि रुग्णाला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवावं लागतं.

मग मोजपट्टी येते. छातीभोवती टेप धरून पूर्ण श्वास सोडल्यावर एक माप, पूर्ण घेतल्यावर दुसरं. दोन्हींतला फरक 2.5 सेंटिमीटरच्या आत असेल तर त्याच संधिवाताचा विचार आणखी पक्का होतो. त्यानंतर फिजिओ मागे उभा राहून दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवतो, अंगठे मणक्यावर एकमेकांना टेकलेले. तुम्ही श्वास घ्यायचा. अंगठे दोन्हीकडे सारखे फाकले पाहिजेत. एक अंगठा सरकला आणि दुसरा जागचा हललाच नाही, तर कुठली बाजू आखडली आहे हे मशीनशिवाय कळतं.

पुढे हात छातीवर घडी घालून बसवतात आणि डावी-उजवीकडे वळायला सांगतात. हात आडवा छातीपलीकडे ओढून बघतात. हात मागे नेऊन मान वर करायला लावतात, बांग देणाऱ्या कोंबड्यासारखी. खरंच त्या चाचणीचं नावही तेच आहे. तिने पुढची कळ जागी झाली तर निदानाला पुष्टी मिळते. शेवटी पालथं झोपवून एकेक मणका आणि त्याच्या बाजूची बरगडी अंगठ्याने दाबत खाली येतात. आणि अनेकदा इथेच रुग्ण दचकतो. खांद्याच्या पात्याशेजारी एका ठिकाणी अंगठा पडतो आणि तो म्हणतो, "अहो, हे पुढे जातंय!"

हाताने करायचे उपचार

आखडलेला सांधा मोकळा करायला फिजिओ त्याच ठिकाणी तळहाताच्या टाचेने किंवा अंगठ्याने तालात दाब देतो. दाब, सोड, दाब, सोड, अर्धा ते एक मिनिट, मग थांबून पुन्हा श्वास घेऊन बघायचं. याला मोबिलायझेशन म्हणतात. बरेचदा दाब देताना "श्वास सोडा" असं सांगतात, कारण सोडताना पिंजरा ढिला असतो. पुढच्या दुखऱ्या सांध्यावर जोर देत नाहीत. तिथे फार तर छातीच्या स्नायूंवरून हलक्या हाताने काम करतात.

एका झटक्यात "कडाक्" आवाज काढणारा प्रकार म्हणजे मॅनिप्युलेशन. तो काहींना मानवतो, पण हाडं ठिसूळ झालेली असतील, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल, रक्त पातळ होण्याची गोळी असेल, बरगडी मोडलेली असेल किंवा कॅन्सर झालेला असेल, तर तो करूनच घेऊ नये. या गोष्टी फिजिओने विचारल्या नाहीत तर आपणहून सांगाव्यात. छातीवर सुया टोचून करायच्या उपचारांबाबत मी आणखी सावध आहे. बरगड्यांच्या खाली लगेच फुप्फुस असतं, सुई खोल गेली तर त्याला छिद्र पडून हवा बाहेर येऊ शकते.

आणि मशीन? बऱ्याच ठिकाणी दहा दिवसांचं पॅकेज असतं: रोज शेक, रोज अल्ट्रासाउंड, रोज करंट, आणि घरी जा. शेकाने आराम पडतो, त्यात वाद नाही. पंधरा-वीस मिनिटांचा शेक घरीही घेता येतो. करंटच्या मशीनने काहींचं दुखणं तासभर उतरतं, तो तास व्यायामासाठी वापरला तर उपयोग आहे. पेसमेकर बसवलेला असेल तर करंट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पण नुसतं मशीनखाली झोपून आखडलेला सांधा हलता होत नाही. दहा दिवसांत एकदाही कुणी तुमच्या पाठीला हात लावला नसेल आणि एकही व्यायाम शिकवला नसेल, तर ती फिजिओथेरपी अर्धीच झाली.

घरचे व्यायाम, जरा जवळून

सुरुवात श्वासाने. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळवे खालच्या बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवा. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. श्वास मोठा घ्यायचा नाही, खाली आणि बाजूला न्यायचा आहे. हात दोन्हीकडे ढकलले गेले पाहिजेत आणि खांदे कानांकडे जाता कामा नयेत. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. हे इतकं साधं दिसतं की लोक पहिल्या आठवड्यात सोडून देतात. सगळ्यात जास्त काळ चालू ठेवायचा व्यायाम मात्र हाच.

मग टॉवेल. आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून साधारण मनगटाएवढ्या जाडीची वळकटी करा. जमिनीवर झोपून ती पाठीखाली आडवी घ्या, खांद्यांच्या पात्यांच्या खालच्या टोकाच्या रेषेत. कंबरेखाली नाही. गुडघे वाकलेले, दोन्ही हात डोक्यामागे आधाराला, म्हणजे मान लटकत नाही. आता पाच-सहा सावकाश श्वास, आणि प्रत्येक श्वास सोडताना पाठ टॉवेलवर सैल सोडायची. मग ढुंगण जरा सरकवून टॉवेल दोन बोटं वर, पुन्हा पाच श्वास. तीन-चार जागा झाल्या की पुरे. पाठीत ताण जाणवायला हवा. पुढे छातीत तीच जुनी कळ उठली तर वळकटी जाड झाली आहे, बारीक करा.

तिसरा व्यायाम पुस्तक उघडण्याचा. कुशीवर झोपा, डोक्याखाली उशी, गुडघे पोटाकडे घेतलेले, दोन्ही हात समोर एकावर एक. श्वास सोडत वरचा हात आकाशाकडून मागच्या बाजूला न्या, नजर हाताबरोबर. गुडघे एकमेकांना चिकटलेलेच. जिथे पुढे ओढ सुरू होते तिथे थांबून एक श्वास घ्या आणि परत या. प्रत्येक बाजूला आठ-दहा वेळा. हात जमिनीला टेकला पाहिजे असं काही नाही. पहिल्या आठवड्यात तो हवेतच राहिला तरी चालतं.

दाराच्या चौकटीला हात लावून छाती पुढे काढायचा व्यायाम सगळ्यांनाच माहीत असतो आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. दुखणं चिडलेलं असताना तो पहिल्याच दिवशी करू नये असं मला वाटतं, कारण तो नेमका दुखऱ्या सांध्यालाच ओढतो. पाठ थोडी मोकळी झाली की, दोन-तीन आठवड्यांनी, कोपर खांद्याच्या खाली ठेवून हलक्या ताणाने सुरू करा. 20 ते 30 सेकंद धरून ठेवायचं, तीन वेळा.

शेवटचा टप्पा ताकदीचा, आणि तोच बहुतेक जण गाळतात, कारण तोवर दुखणं निम्मं उतरलेलं असतं. रबरी पट्टा दाराला अडकवून कोपरं मागे ओढायची, पाती एकमेकांकडे आणायची. भिंतीला हात लावून दंड काढायचे. ते सोपे झाले की टेबलाला हात लावून, मग गुडघे टेकून, मग जमिनीवर. एका टप्प्यावर आठ-दहाचे तीन सेट त्रासाशिवाय जमले की पुढचा टप्पा. जिमला जाणाऱ्यांसाठी बेंच प्रेस आणि डिप्स यांचा नंबर सगळ्यात शेवटी. परतताना वजन निम्म्याहून कमी आणि कोपरं बेंचच्या खाली न जाऊ देता.

किती दुखलं तर चालतं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि "अजिबात दुखता कामा नये" हे उत्तर जुनाट दुखण्यात लागू पडत नाही. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखणं चालतं, जर ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर येत असेल तर. आलं नाही, तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा कमी करायची: दहाऐवजी पाच, जाड टॉवेलऐवजी बारीक. मात्रा वाढवायची तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा, नाहीतर कशाने बिघडलं ते कळत नाही.

दिवसभराच्या बसण्याचं म्हणाल तर "ताठ बसा" या सल्ल्यावर माझा फार विश्वास नाही. ताठ बसून तासभर आखडण्यापेक्षा कसंही बसा, पण अर्ध्या तासाने उठा, दोन्ही हात वर करून दोन श्वास घ्या. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की उशी नाहीतर दुमडलेली चादर छातीशी घट्ट धरा. कुशीवर झोपताना पुढे उशी कवटाळली तर वरचा खांदा पुढे पडत नाही आणि सांध्यावरची ओढ कमी होते. जड पिशवी एका खांद्यावर लटकवण्याऐवजी दोन हातांत वाटून घ्या. वेदनाशामक गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. पोटाचा, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नये.

पुरावा किती आहे, हेही सांगायला हवं. इटलीतल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये या दुखण्यात स्ट्रेचिंगचा फायदा होतो असा अभ्यास प्रसिद्ध केला. 2017 मध्ये फक्त 8 रुग्णांवरचा एक वृत्तान्त आला. त्यांच्यावर पाठीच्या आणि बरगड्यांच्या सांध्यांचं मोबिलायझेशन, स्नायूंवरचं काम आणि ताणाचे व्यायाम असा एकत्र उपचार केला होता आणि ते सुधारले. तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे दिशा आशादायक, पुरावा तोकडा. त्यामुळे "शंभर टक्के गॅरंटी" देणारा भेटला तर जरा लांबच राहा.

साधारण अंदाज द्यायचा तर आठवड्यातून एखादी भेट आणि रोजचे पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम असं धरून चार ते आठ आठवड्यांत फरक कळायला हवा. तो सरळ रेषेत येत नाही. दहा दिवस छान जातात, मग एखाद्या सर्दीने किंवा प्रवासाने दुखणं उसळतं आणि वाटतं, सगळं पाण्यात. अशा वेळी दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम बाजूला ठेवा, श्वास आणि शेक चालू ठेवा, मग आधीच्यापेक्षा एक पायरी खालून पुन्हा सुरू करा. दुखणं किती आहे यापेक्षा काय काय जमतंय याची नोंद ठेवलीत तर सुधारणा आधी दिसते: कूस बदलताना जाग आली का, मुलाला उचलता आलं का, जोरात हसता आलं का. शिंक बहुतेकांच्या यादीत शेवटी सुधारते.

आठ आठवडे मनापासून करूनही काहीच हललं नाही, तर तेच व्यायाम आणखी आठ आठवडे रेटू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि निदान नव्याने तपासून घ्या: संधिवात, सरकणारी बरगडी, मणक्यातून दबलेली नस, व्हिटॅमिन डीची कमतरता, अंगभर दुखत असेल तर फायब्रोमायल्जिया. काही वेळा एखाद्या हट्टी सांध्यात डॉक्टर इंजेक्शन देतात, आणि दुखणं उतरलेल्या त्या काळात व्यायाम पुढे सरकवता येतात. आणि मधेच कधी दुखण्याची जातच बदलली, म्हणजे दाबल्यावर नाही पण चालल्यावर दुखू लागलं, तर पूर्वीचा ईसीजी कितीही नॉर्मल असला तरी नवा काढायचा.